कुत्र्याच्या जबड्यापाशी थांबलेला हात

आमच्या वेळच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत घशात काही अडकण्याचा एक सविस्तर धडा असे, आणि तो गायीचा असे. आमरसाचे दिवस आले की उकिरड्यावर सालींचा आणि कोयींचा ढीग पडतो, गाय तिथे तोंड घालते आणि एखादी कोय अन्ननलिकेत रुतून बसते. मग लाळेच्या तारा, ताणलेली मान, आणि वायू कोंडून फुगत चाललेली डावी भकाळी. उपाय आम्हाला तोंडपाठ होते. बाहेरून गळा चोळत कोय वर आणायची. नाही आली तर जबड्यात आडवा ठोकळा देऊन प्रोबँग नावाची लांब लवचीक नळी आत सरकवायची आणि कोय पोटाकडे ढकलायची. फुगारा फारच वाढला तर भकाळीत ट्रोकार नावाचे टोकदार अवजार खुपसून वायू मोकळा करायचा. भोवती निम्मे गाव जमलेले आणि प्रत्येकाचा निराळा सल्ला. तरी हाताशी वेळ असे, कारण गायीचा अडथळा अन्नाच्या वाटेत असतो आणि तिचा श्वास चालू असतो.

कुत्र्याला त्या धड्याच्या शेवटी चार ओळी मिळत. त्याच्या श्वासाच्या वाटेत चेंडू बसला तर हातात मोजून काही मिनिटे असतात, पण त्या चार ओळी वाचून तसे वाटत नसे. शिवाय त्यांतली ठळक ओळ उपायाची नव्हतीच, इशाऱ्याची होती. घशात हाडूक अडकल्यासारखे दिसणारे, जबडा लोंबलेले, लाळ गाळणारे कुत्रे आले तर आधी ते पिसाळलेले समजा, आणि तोंडात हात घालू नका.

हा इशारा पोकळ नव्हता. पिसाळलेले कुत्रे म्हणजे धावत सुटलेले, दिसेल त्याला चावणारे, असे चित्र लोकांच्या मनात असते. रेबीजचे दुसरे रूप गप्प असते. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, कुत्र्याला गिळता येत नाही, तोंड उघडेच राहते. घरच्यांना वाटते, मटणाचे हाड अडकले बिचाऱ्याला. कोणीतरी मायेने हात घालून चाचपते, आणि बोटावर ओरखडा असेल तर लाळेतून रोग आत शिरतो. मी पुण्यात दवाखाना चालवला त्या सगळ्या वर्षांत, ‘डॉक्टर, याच्या घशात काहीतरी अडकलंय’ हे वाक्य ऐकले की माझा हात आधी मागे जाई आणि मग पुढे येई.

या भीतीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागलेल्या गोऱ्या शिपायांना सरकार एके काळी थेट पॅरिसला, पाश्चरच्या संस्थेत धाडत असे. १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा देशातच इलाज मिळू लागला. कसौलीच्या डेव्हिड सेंपलने १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून, कार्बोलिक ॲसिडने विषाणू मारून, लस बनवली. तीच पुढे आपल्याकडची ‘पोटातली चौदा इंजेक्शने’. बेंबीभोवती, रोज एक. काहींना त्या लशीमुळेच लकवा होई. ही लस आपल्या देशात थेट २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होती. गल्लीत कुत्रे दिसले की आजी आम्हाला मागे ओढायची, तेव्हा तिच्या मनात त्याचे दात नसत. ती इंजेक्शने असत.

माझे म्हणणे असे आहे की गुदमरणाऱ्या कुत्र्याच्या प्रथमोपचाराची परंपरा आपल्याकडे उभी राहिली नाही, याला ही चौदा इंजेक्शने जितकी कारणीभूत, तितकेच पशुवैद्यकाचे मूळही. लाहोरचे व्हेटरिनरी स्कूल १८८२ चे, मुंबईत परळचे कॉलेज १८८६ चे. सरकारला घोडदळाचे घोडे, तोफखान्याची खेचरे आणि शेतकऱ्याचे बैल जगवायचे होते. परळचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांचे नाव आजही सांगितले जाते ते सर्रा या रोगावरच्या कामासाठी, आणि सर्रा हा घोड्या-उंटांचा काळ. कुत्र्याला परळला जागा मिळाली ती दुसऱ्या दाराने. शेजारचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय पारशी दानातून उभे राहिले, आणि पारशी माणूस कुत्र्याला विसरणे शक्य नाही. १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा याच समाजाने मुंबई बंद पाडली होती. कुत्र्याला रुग्णालयात खाट मिळाली. पण ज्याचा पगार सरकार देते त्याच्यावरच पुस्तक लिहिले जाते, हे तेव्हाही खरे होते.

आता निवृत्त झाल्यावर मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छोटी कुत्री पाळणाऱ्यांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेते. पग, शित्झू, आणि ज्याला सगळे पामेरियन म्हणतात तो आपला स्पिट्झ. भुसा भरलेल्या एका खेळण्यातल्या कुत्र्यावर मी घशात अडकलेले काढण्यासाठी पोटावर द्यायचा दाब दाखवते. एका मुलाने विचारले, “काकू, हे शोधलं कोणी?” मी म्हणाले, “कुत्र्यांनी.” सगळे हसले. पण ते विनोदाने म्हटले नव्हते.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. रॉयल सोसायटीचा रॉबर्ट हूक १६६४ मध्ये एका कुत्र्याची छाती उघडून बसला होता. फुप्फुसांत भात्याने हवा भरत त्याने ते कुत्रे तासाहून जास्त जिवंत ठेवले. नंतर त्याने रॉबर्ट बॉइलला लिहिले की त्या प्राण्याचे हाल पाहून पुन्हा असे करायला मन धजत नाही. तरी १६६७ च्या ऑक्टोबरात त्याने ते पुन्हा केले, जरा वेगळ्या रीतीने. फुप्फुसांना बारीक भोके पाडून भात्यांनी हवेचा अखंड झोत सोडला. फुप्फुसे हलली नाहीत, नुसती फुगून राहिली, आणि कुत्र्याचे हृदय चालतच राहिले. छातीची हालचाल म्हणजे जीव नव्हे, ताजी हवा आत पोहोचणे म्हणजे जीव, हे त्या दिवशी ठरले. त्याच महिन्यात जॉन एव्हलिन या गृहस्थाने असाच एक प्रयोग पाहिला आणि आपल्याला ते क्रौर्य रुचले नाही, अशी नोंद डायरीत केली. आज मी वर्गात कुत्र्याचे तोंड मिटून नाकात फुंकर कशी घालायची ते शिकवते, त्याचे शास्त्र या कुत्र्यांपाशी सुरू होते.

मधल्या काळातले उपाय ऐकून वर्गातली मुले खिदळतात. १७६७ मध्ये ॲमस्टरडॅमला आणि १७७४ मध्ये लंडनला बुडालेल्यांना वाचवणाऱ्या संस्था निघाल्या. बुडालेल्या माणसाच्या गुदद्वारातून भात्याने तंबाखूचा धूर भरावा, अशी त्यांची शिफारस होती आणि त्यासाठी नदीकाठी पेट्या ठेवलेल्या असत. माणसाला पिंपावर आडवे टाकून गडगडवणे, पाय वर करून लटकवणे, हे तर त्याहून जुने.

लटकवण्याला हसू नये. १८४३ मध्ये ब्रुनेल हा इंग्लंडचा नावाजलेला रेल्वे इंजिनिअर मुलांना जादू करून दाखवत होता. तोंडात धरलेले अर्ध्या सॉव्हरिनचे सोन्याचे नाणे घसरले आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत जाऊन बसले. ब्रुनेलने स्वतःच आराखडा काढून बिजागरीवर फिरणारी एक फळी बनवून घेतली. त्याला तिच्यावर आवळून बांधायचे, डोके खाली करायचे आणि हलवायचे. पहिल्या खेपेला असा जीवघेणा ठसका लागला की थांबावे लागले. मग बेंजामिन ब्रोडी या त्या काळच्या बड्या सर्जनने गळ्याला छेद देऊन चिमटा घातला, पण नाणे हाती लागेना. शेवटी मे महिन्यात पुन्हा फळी उलटी केली, पाठीवर थापा मारल्या आणि नाणे दातांवर आपटून बाहेर पडले. इंजिनिअरचा उपाय: जे वर चढत नाही त्याच्यासाठी वर आणि खाली यांची अदलाबदल करा.

मोठ्या माणसाला आता कोणी उलटे टांगत नाही. वजनच झेपत नाही. तान्ह्या बाळाला मात्र आजही हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर थापट्या देतात. आणि तीन-चार किलोच्या कुत्र्याला मागच्या मांड्यांशी धरून उलटे करायचे आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने थापटायचे, हे आम्ही शिकवतो. ब्रुनेलची फळी तेवढ्या दोघांपुरती उरली.

आता सिनसिनाटीकडे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. १९६३ मध्ये हॉगेन नावाच्या डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की उपाहारगृहात जेवता जेवता कोसळून मेलेल्यांना हृदयविकार झाला असे सगळे धरून चालतात, पण शवविच्छेदनात त्यांच्या घशात मांसाचा तुकडा सापडतो. हेन्री हाइमलिक हा सिनसिनाटीच्या ज्यूइश हॉस्पिटलमधला छातीचा सर्जन. घास अडकून मरणे हे अमेरिकेत अपघाती मृत्यूंच्या कारणांत सहावे आहे, असे त्याच्या वाचनात आले आणि तो त्या मागे लागला. तेव्हा रेडक्रॉस पाठीवर थापा मारायला सांगत असे. हाइमलिकचे म्हणणे, थाप मारली की घास आणखी खोल जातो. त्यापेक्षा फुप्फुसांत उरलेली हवाच खालून दाबून बंदुकीच्या गोळीमागच्या दारूसारखी वापरता येईल का?

हे त्याने बीगल जातीच्या कुत्र्यांवर करून पाहिले. कुत्र्याला भूल द्यायची, शेवट बंद केलेली नळी श्वासनलिकेत घालायची, तिच्याभोवतीचा फुगा फुगवून वाट पुरती बुजवायची. मग छाती दाबायची. मनासारखे झाले नाही. मग छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटावर मूठ ठेवून वर दाबले, आणि नळी उडून बाहेर आली. पुन्हा पुन्हा आली. मांसाचा गोळा घालून पाहिला, तोही उडाला. १९७४ च्या जूनमध्ये हे एका मासिकात छापून आले, काही दिवसांतच ते वर्तमानपत्रात वाचलेल्या एका माणसाने शेजारणीचा जीव वाचवला, आणि ऑगस्टपर्यंत या दाबाला हाइमलिकचे नाव चिकटले. बीगलचे नाव कुठेच आले नाही. ते येत नाहीच. बाल्टिमोरला १९५८ मध्ये गाय निकरबॉकर नावाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आले की प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर विजेचा धक्का देणारी जड पाती जोराने दाबली की रक्तदाब वर चढतो, आणि त्यातून छाती न उघडता हृदय दाबण्याची रीत निघाली. त्या कुत्र्याचे नावही मला कुठे दिसले नाही.

पुढची कथा भांडणाची आहे. हाइमलिक हट्टी होता, प्रसिद्धीचा भुकेला होता, आणि आपला दाब बुडालेल्यांवरही चालतो, असे पुरेशा पुराव्याशिवाय सांगत सुटला. उतारवयात एड्सवर मलेरियाचा ताप चढवण्याचे जे खूळ त्याने घेतले त्याची तर सर्वत्र छी-थू झाली. पण १९८५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल कूप यांनी त्याची बाजू घेऊन पाठीवरच्या थापा धोक्याच्या ठरवल्या. मग २००० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी मृतदेहांवर मोजमाप केले, तर छाती दाबल्यावर श्वासनलिकेत पोटाच्या दाबापेक्षा जास्त जोर तयार होत होता. बीगलने दिलेल्या उत्तराच्या अगदी उलट. मला यात नवल वाटत नाही. बीगलची छाती खोल आणि दोन्ही बाजूंनी चपटी, माणसाची रुंद आणि पुढून-मागून चपटी. एकीवर जे चालते ते दुसरीवर तसेच चालावे असा नियम नाही. २००६ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसने तडजोड केली: पाच थापा पाठीवर, पाच दाब पोटावर. २०१६ मध्ये शहाण्णव वर्षांच्या हाइमलिकने आपल्या वृद्धाश्रमात जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंच्या घशातला तुकडा याच दाबाने काढला, आणि त्याच वर्षी तो गेला.

कुत्र्यावर सापडलेली युक्ती कुत्र्याकडे परत आली ती या सगळ्या वळणांनी, माणसासाठी छापलेल्या तक्त्यांवरून. घरी कुत्रे पाळणाऱ्याने बाळाचा तक्ता पाहिला आणि तेच आपल्या पिल्लावर केले. पशुवैद्यांनी ते नंतर पुस्तकात घेतले. थांबलेले हृदय आणि श्वास पुन्हा चालू करण्याचे, पुराव्यावर तपासलेले पहिले नियम कुत्र्या-मांजरांसाठी निघाले ते २०१२ मध्ये, ‘रिकव्हर’ या उपक्रमातून. शंभराच्या आसपास पशुवैद्यांनी त्यासाठी जुने शोधनिबंध चाळले. त्यांतले पुष्कळसे निबंध माणसांसाठी केलेल्या प्रयोगांचे होते, आणि ते प्रयोग कुत्र्यांवर आणि डुकरांवर झालेले होते. एवढ्या वर्षांनी कुणीतरी ते निबंध कुत्र्याच्या बाजूने वाचले. २०२४ मध्ये ते नियम पुन्हा तपासून काढले आहेत.

आपल्याकडे छोटे कुत्रे घराघरात शिरले तोवर वाट थोडी सोपी झाली होती. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने स्पिट्झला आणि २००३ च्या हचच्या जाहिरातीने पगला मध्यमवर्गाच्या सोफ्यावर आणून बसवले. पगच्या बाबतीत मी कायम कुरकुरत आले आहे. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ पडदा गरजेपेक्षा लांब, त्यामुळे हा प्राणी जागेपणीही घोरतो. तो गुदमरला की आधीच निमुळती असलेली वाट पुरती मिटते. शिवाय त्याची मान आवळून धरली तर बुबुळ खोबणीबाहेर येऊ शकते. घाबरलेला मालक नेमके तेच करतो.

मी शिकवते ते असे. कुत्रे खोकते आहे, आवाज येतो आहे, तर त्याला खोकू द्या आणि दवाखाना गाठा. आवाज बंद, पंज्याने तोंड ओरबाडते आहे, हिरड्या निळ्या, तर तोंड उघडून बघा. दिसेल तेवढेच काढा. आंधळेपणाने बोट फिरवले तर चेंडू आत जातो, आणि जिभेच्या मुळाशी असलेले त्याचे स्वतःचे हाडूक ओढून काढायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. गुळगुळीत चेंडू असेल तर गळ्याच्या बाहेरून, जबड्याखाली अंगठे लावून तो तोंडाकडे सरकवता येतो. गायीची कोय वर आणण्याचीच ही रीत, आकाराने छोटी. नाही तर उलटे करून थापट्या. नाही तर त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून, शेवटच्या बरगडीमागे मूठ ठेवून आत आणि वर दाब, तोही त्याच्या जिवाच्या बेताने. निपचित पडले तर कुशीवर निजवून छाती दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, तीस दाबांमागे नाकातून दोन फुंकरा. पिल्लू अगदी छोटे असेल तर एका हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत छाती धरून. वस्तू निघाली तरी दवाखान्यात आणा, दाबाने बरगडी किंवा प्लीहा दुखावलेली असू शकते. आणि मी आशा लावून ठेवत नाही: दवाखान्यात हृदय थांबलेल्या शंभर कुत्र्या-मांजरांपैकी घरी परतणारी सहासुद्धा नसतात. म्हणून सगळा जोर त्याच्या आधीच्या दोन मिनिटांवर.

धावत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या कुत्र्याच्या घशात काहीच नसते. मान ताणून, कोपरे बाहेर काढून, नाकातून हवा आत खेचत घुर्रघुर्र करणारे कुत्रे उलटी शिंक देत असते. मिनिटभरात थांबते आणि शेपूट हलवू लागते. म्हाताऱ्या स्पिट्झचा कर्कश, कोरडा खोकला बहुधा श्वासनलिका पिचकल्याचा असतो. लसीकरण न झालेल्या पिल्लाची उबळ केनेल कफची असते. तिघांच्याही मालकांना कोंबडीचे हाड आठवत असते, आणि पाच मिनिटांनी ते हाड आपण टाकलेच नव्हते हेही आठवते.

पण जो जबडा लोंबतो आहे, ज्यातून लाळ गळते आहे आणि ज्याला घोटभर पाणीही गिळता येत नाही, त्याच्यापुढे मी आजही माझ्या पुस्तकातल्या त्या ओळीलाच मान देते. म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवशी खेळण्यातले कुत्रे बाहेर काढण्याआधी मी प्रत्येकाकडे त्याच्या कुत्र्याचे रेबीजच्या लशीचे कार्ड मागते. कार्ड नसेल तर मागच्या खुर्चीत बसून नुसते बघायचे, आणि पुढच्या रविवारी कुत्र्याला लस टोचून यायचे. परवा एक आजोबा रागावले. म्हणाले, “आमचा ब्रूनो घराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही, त्याला कशाला लस?” मी म्हणाले, “आजोबा, हात तुमचा आहे.” पुढच्या रविवारी ते कार्ड घेऊन आले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.